घराच्या बांधकामाचा करार: तयार कलमे जोडून मसुदा उभा करण्याची कृती

घर बांधायला काढले की नकाशावर काही महिने जातात, फरशी निवडायला काही रविवार जातात आणि करार मात्र एका संध्याकाळी उरकला जातो. कंत्राटदार मागच्या कामाचा मसुदा आणतो, त्यात नाव आणि रक्कम बदलली जाते आणि दोघे सह्या करतात. अशा मसुद्यात 2017 सालीच जीएसटीत विरून गेलेला व्हॅट अजून दिसतो, एखाद्या पानावर दुसऱ्याच कुणाचा गट नंबर राहून जातो, आणि मुदत एका कलमात 10 महिने तर दुसऱ्यात एक वर्ष असते. काम सुरळीत चालले तर हे कुणी उघडून पाहत नाही. बिघडले, की याच विसंगतींवर भांडण उभे राहते.

मोठ्या कामांत करार नव्याने लिहीत नाहीत. ठरलेली कलमे एकत्र आणतात आणि त्या कामाची माहिती वेगळ्या जागी भरतात. केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाच्या सर्वसाधारण अटी छापील असतात आणि कामागणिक बदलणारे मुदत, अनामत यांसारखे तपशील अनुसूची 'एफ'मध्ये येतात. सल्लागार अभियंत्यांच्या 'फिडिक' या आंतरराष्ट्रीय महासंघाच्या नमुना करारातही सर्वसाधारण अटी आणि विशेष अटी असे दोन भाग असतात. महाराष्ट्राच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात टक्केवारी दराला बी-1, आयटम दराला बी-2 असे नमुने पिढ्यान् पिढ्या चालत आले आहेत. हीच पद्धत साध्या बंगल्यासाठी घरच्या लॅपटॉपवर वापरता येते. ती घरमालकांसाठी आणि लहान आर्किटेक्ट-इंजिनीअरांसाठी इथे क्रमाने दिली आहे.

सगळ्या कृतीमागे एकच नियम आहे: करारातली प्रत्येक गोष्ट एकाच जागी लिहायची आणि बाकी सगळीकडे तिथूनच आणायची. सॉफ्टवेअरने वेळ वाचतो, पण त्याचा खरा उपयोग हा नियम पाळायला होतो.

काय लागेल

- लिबरऑफिस रायटर आणि कॅल्क (मोफत मिळतात, मराठी युनिकोड नीट चालते). वर्डमध्येही हेच करता येते; मेनूंची नावे बदलतात.
- आर्किटेक्टचे आणि आरसीसीचे नकाशे, प्रत्येकावर क्रमांक, तारीख आणि सुधारणा क्रमांक असलेले.
- अंदाजपत्रक.
- दोन्ही पक्षांची नावे आणि पत्ते, पॅन, जागेचा सर्व्हे किंवा गट नंबर, बांधकाम परवानगीचा क्रमांक. कंत्राटदाराकडे जीएसटी नोंदणी असेल तर तो क्रमांक.

पायरी 1: कराराचा प्रकार ठरवा

घरकामात तीन प्रकार चालतात. मजुरीच्या करारात माल मालकाचा आणि हात कंत्राटदाराचे. मालासकट करारात चौरस फुटाला एक दर. आयटम रेटमध्ये खोदाई, काँक्रीट, वीटकाम, गिलावा यांचा प्रत्येकी वेगळा दर आणि प्रत्यक्ष मोजमापाप्रमाणे बिल. मजुरीच्या करारात सिमेंटच्या नासाडीचे आणि मालाच्या राखणीचे कलम हवे. मालासकट करारात मालाचा दर्जा आणि भाववाढ यांची कलमे हवीत. आयटम रेटमध्ये मोजमापाची पद्धत हवी. म्हणून संगणक उघडण्याआधी हे ठरवा.

पायरी 2: सांगाडा कागदावर मांडा

1. करारनामा: पक्ष, काम, रक्कम, सह्या. दोन पानांत बसला पाहिजे.
2. माहितीचा तक्ता: बदलणारे सगळे आकडे, तारखा आणि नावे.
3. विशेष अटी: या जागेपुरत्या.
4. सर्वसाधारण अटी: कोणत्याही कामाला लागू होणाऱ्या.
5. कामाचे तपशील: माल, दर्जा, पद्धत.
6. नकाशांची यादी.
7. दरपत्रक आणि हप्त्यांचे टप्पे.

हा क्रम नुसता छपाईचा नाही. नकाशात एक आणि दरपत्रकात दुसरेच असेल तर कोणते धरायचे, हे करारानेच सांगायला हवे. म्हणून करारनाम्यात एक ओळ घाला: 'कागदपत्रांत तफावत आढळल्यास वरच्या क्रमांकाचा कागद खालच्यावर सरस राहील.'

पायरी 3: कलमांचा साठा करा

एक फोल्डर करा आणि प्रत्येक विषयाचे कलम वेगळे लिहा: मुदत, मुदतवाढ, विलंबाची भरपाई, बिले, रिटेन्शन (बिलातून राखून ठेवायची रक्कम), जादा काम, सुरक्षितता आणि विमा, ताबा, दोषदुरुस्तीची मुदत, करार संपवणे, वाद. केंद्रीय बांधकाम विभागाच्या अटी सार्वजनिक आहेत. कोणता विषय कसा हाताळला आहे हे त्यांत पाहता येते. फिडिकसारख्या करारांवर प्रकाशकांचा हक्क असतो, त्यामुळे तिथली कलमे उचलू नका. प्रत्येक कलमाखाली ते शेवटचे कधी तपासले त्याची तारीख टाका. कलमे जुनी होतात, आणि सर्वांत लवकर जुनी होतात ती ही:

- कर: दर जीएसटीसह आहे की जीएसटी वेगळा, हे स्पष्ट हवे. एकट्या स्वतंत्र घराच्या नव्या बांधकामाच्या निव्वळ मजुरी-कराराला जीएसटीतून सूट आहे. मालासकट करारावर नोंदणीकृत कंत्राटदार 18 टक्के लावतो. 37 लाख 80 हजारांच्या कामावर हा कर 6 लाख 80 हजार 400 रुपये होतो. एका शब्दाच्या संदिग्धतेवर एवढी रक्कम सोडू नका.
- लवाद: 'मालक नेमेल तोच लवाद' हे वाक्य जुन्या नमुन्यांत हमखास सापडते. लवाद कायद्यातील 2015ची दुरुस्ती आणि सर्वोच्च न्यायालयाचा 2019चा पर्किन्स ईस्टमन निकाल यांनंतर, वादात हितसंबंध असलेल्या पक्षाने एकट्याने एकमेव लवाद नेमणे टिकत नाही. दोघांच्या संमतीने नेमणूक, असे लिहा.
- विलंबाची भरपाई: भारतीय करार अधिनियम, 1872च्या कलम 74प्रमाणे करारात लिहिलेली रक्कम ही वरची मर्यादा ठरते; न्यायालय तिच्या आत वाजवी भरपाई देते. त्यामुळे धाक म्हणून अवाच्या सवा दंड लिहून हाती काही लागत नाही. उदाहरणार्थ, दर आठवड्याला अर्धा टक्का आणि एकूण जास्तीत जास्त 5 टक्के असे ठेवता येते.

काही कलमे जोडीनेच ठेवायची असतात. विलंबाची भरपाई आली की मुदतवाढीचे कलम आलेच पाहिजे. मालकाने फरशी निवडायला तीन आठवडे लावले, तर त्याचा भुर्दंड कंत्राटदारावर पडता कामा नये. रिटेन्शनबरोबर ती परत कधी मिळेल हे, आणि जादा कामाबरोबर त्याचा दर कसा ठरेल हे. साठ्यात अशा जोड्या एकाच फाइलीत ठेवा, म्हणजे एक उचलताना दुसरे मागे राहणार नाही.

पायरी 4: साचा तयार करा

रायटरमध्ये कोरी फाइल उघडा. कलमांच्या शीर्षकांना 'हेडिंग' शैली द्या आणि 'टूल्स'मधील 'हेडिंग नंबरिंग'मधून क्रमांक लावा. क्रमांक हाताने टाइप करू नका. एका कलमात दुसऱ्याचा उल्लेख येतो तिथे 'इन्सर्ट' मेनूतील 'क्रॉस-रेफरन्स' वापरा, 'हेडिंग्ज'मधून ते कलम निवडा आणि 'नंबर' घाला. मधले कलम काढले तरी 'कलम 14 पाहा' हा उल्लेख योग्य क्रमांकावर जातो. मजकूर युनिकोडमध्येच ठेवा. जुन्या फाँटमधला मजकूर दुसऱ्या संगणकावर वाचता येत नाही आणि शोधताही येत नाही. शेवटी फाइल टेम्प्लेट म्हणून सेव्ह करा.

पायरी 5: बदलणारी माहिती फील्डमध्ये ठेवा

कंट्रोल आणि एफ 2 दाबा, 'व्हेरिएबल्स' या टॅबमध्ये 'युजर फील्ड' निवडा, फील्डला नाव द्या, किंमत भरा, हिरव्या खुणेवर क्लिक करा आणि मजकुरात घाला. नावे छोटी आणि रोमन अक्षरांत ठेवली तर पुढच्या पायरीत सोपे जाते. मालक, कंत्राटदार, गट नंबर, दर, क्षेत्रफळ, मुदत, रिटेन्शनचा टक्का, दोषदुरुस्तीची मुदत आणि भरपाईचा दर एवढ्यांची तरी फील्ड करा.

ही सगळी फील्ड माहितीच्या तक्त्यात ओळीने मांडा. अटींमध्ये शक्यतो आकडा येऊच देऊ नका. 'माहितीच्या तक्त्यात दिलेल्या मुदतीत' असे लिहा. करारनाम्यासारख्या जागी आकडा छापावाच लागला, तर तेच फील्ड पुन्हा घाला. मुदत 10चे 11 महिने झाली की फील्डची किंमत एकदा बदलायची आणि एफ 9 दाबायचे. जिथे जिथे ते फील्ड आहे तिथे आकडा बदलतो. अक्षरी रक्कम मात्र आपणच लिहावी लागते. म्हणून तिचेही फील्ड करून आकड्याच्या फील्डशेजारीच ठेवा.

पायरी 6: प्रकारानुसार दिसणारे विभाग बांधा

एक फील्ड फक्त कराराच्या प्रकारासाठी ठेवा: 1 म्हणजे मजुरी, 2 म्हणजे मालासकट, 3 म्हणजे आयटम रेट. मालासकट करारापुरती कलमे निवडा, 'इन्सर्ट'मधून 'सेक्शन' घ्या, 'हाइड' आणि 'विथ कंडिशन' या खुणा करा आणि अटीच्या चौकटीत फील्डचे नाव, != हे चिन्ह आणि 2 असे लिहा. म्हणजे प्रकार 2 नसेल तेव्हा हा विभाग लपेल. तसेच बाकी दोन प्रकारांचे करा.

इथे एक खबरदारी पाळायचीच. लपवलेला मजकूर फाइलीत तसाच असतो आणि समोरचा तो उघडून पाहू शकतो. म्हणून सहीची प्रत काढण्याआधी 'फॉर्मॅट'मधील 'सेक्शन्स'मध्ये जाऊन लागू नसलेले विभाग दिसते करा, पुसून टाका आणि एफ 9 दाबून क्रमांक पुन्हा तपासा. हे कामाच्या प्रतीवर करायचे. साचा तसाच राहू द्यायचा.

पायरी 7: विशेष अटींसाठी ऑटोटेक्स्ट

शेजाऱ्याच्या भिंतीला लागून खोदाई, जागेत जुनी विहीर, काळी माती, ट्रक आत जाणार नाही अशी बोळ या गोष्टी दर कामात नसतात. त्यांची कलमे निवडून कंट्रोल आणि एफ 3ने ऑटोटेक्स्टमध्ये साठवा आणि प्रत्येकाला छोटे नाव द्या. हवे तिथे ते नाव टाइप करून एफ 3 दाबले की कलम उमटते. वर्डमध्ये हे काम 'क्विक पार्ट्स' करतात.

पायरी 8: परिशिष्टे भरा

सर्वांत जास्त वेळ इथे द्या. घरबांधणीतले बहुतेक वाद कायद्याच्या कलमांवरून होत नाहीत. ते मोजमाप, माल आणि हप्ते यांवरून होतात.

*मोजमाप.* 'दर 2,100 रुपये चौरस फूट' हे वाक्य अर्धवट आहे. कोणता चौरस फूट? समजा घर 1,800 चौरस फुटांचे आहे. त्यात बाल्कनी 120 आणि गच्चीवरची जिन्याची खोली 90 चौरस फूट धरली आहे की नाही, यावर 210 चौरस फुटांचे, म्हणजे 4 लाख 41 हजारांचे अंतर पडते. म्हणून तक्ता करा: स्लॅबचे क्षेत्र, बाल्कनी, जिना, पोर्च, पाण्याच्या टाक्या, कंपाउंड भिंत, सेप्टिक टँक. प्रत्येकापुढे 'पूर्ण धरायचे', 'निम्मे धरायचे', 'धरायचे नाही' किंवा 'वेगळा दर' यांपैकी एक लिहा.

आयटम रेट असेल तर मोजमाप आयएस 1200प्रमाणे, असे लिहा. भिंतीला दोन्ही बाजूंनी सारखाच गिलावा असेल, तर त्या मानकात 0.5 चौरस मीटरपर्यंतच्या उघड्या भागाची वजावट नाही, 0.5 ते 3 चौरस मीटरला एकाच बाजूची वजावट आणि त्यावर दोन्ही बाजूंची. त्या वेळी चौकटीच्या कडा वेगळ्या मोजतात. 1.2 मीटर लांब-रुंद खिडकी 1.44 चौरस मीटरची होते, म्हणजे तिची वजावट एकाच बाजूची. हे आधी लिहिलेले असले की बिलाच्या वेळी टेप घेऊन वाद घालावा लागत नाही.

*माल आणि पद्धत.* 'चांगल्या दर्जाचे' हा शब्दप्रयोग करारात नको. काँक्रीट आयएस 456 : 2000प्रमाणे, आरसीसीसाठी किमान एम 20 किंवा डिझाइनरने दिलेली त्यावरची श्रेणी, सळई आयएस 1786प्रमाणे एफई 500 डी, सिमेंटचा प्रकार आणि मान्य कंपन्यांची यादी. आयएस 456मधल्या दोन गोष्टी मुद्दाम लिहून घ्या. पाणी मारणे साध्या पोर्टलँड सिमेंटला किमान 7 दिवस, पोझोलाना सिमेंटला किमान 10. साध्या सिमेंटच्या कामात 4.5 मीटरपर्यंतच्या स्लॅबखालचे टेकू 7 दिवसांआधी काढायचे नाहीत, त्याहून मोठ्या स्लॅबखालचे 14 दिवसांआधी. सिमेंट दुसरे असेल तर मुदत डिझाइनरला विचारून लिहा. सेंटरिंगचे सामान दुसऱ्या साइटवर न्यायची घाई झाली की पहिला बळी या दिवसांचा जातो.

*हप्ते.* कॅल्कमध्ये तक्ता करा. एक नमुना: सुरुवातीला 10 टक्के, जोत्यापर्यंत 15, पहिला स्लॅब 20, दुसरा स्लॅब 20, वीटकाम आणि गिलावा 15, फरशी-नळकाम-वायरिंग 12, रंग आणि ताबा 8. खाली बेरजेचे सूत्र टाका. उत्तर 100च आले पाहिजे. दर हप्त्यातून 5 टक्के रिटेन्शन राखली तर तिची निम्मी रक्कम ताब्याच्या वेळी आणि निम्मी दोषदुरुस्तीची मुदत संपल्यावर परत, असे तिथेच लिहा. टप्पा कशाला म्हणायचे हेही लिहा: 'स्लॅब' म्हणजे काँक्रीट ओतणे की टेकू काढणे? टप्पे झालेल्या कामाच्या फार पुढेही नकोत, फार मागेही नकोत. पैसे पुढे गेले तर मालक अडकतो. मागे राहिले तर कंत्राटदाराची मजुरांची शनिवारची मजुरी अडते आणि काम थांबते.

पायरी 9: जोडलेला मसुदा तपासा

चार वेळा वाचा, प्रत्येक वेळी एकाच नजरेने.

1. शब्दांसाठी: 'काम', 'मालक', 'ताबा', 'पूर्णत्व' यांची व्याख्या एकदाच आणि वापर सगळीकडे तोच. एका पानावर 'कंत्राटदार' आणि दुसऱ्यावर 'ठेकेदार' नको.
2. आकड्यांसाठी: फील्डबाहेर हाताने टाइप केलेला आकडा राहिला आहे का? 'फाइंड'मधून 'टक्के', 'महिने', 'दिवस' शोधत जा.
3. उरलेल्या कचऱ्यासाठी: 'व्हॅट', 'सर्व्हिस टॅक्स', रिकाम्या रेघा, जुनी नावे.
4. पैशाच्या वाटेसाठी: पहिल्या हप्त्यापासून शेवटच्या रिटेन्शनपर्यंत एक एक रुपया कोण, कधी, कशावरून देणार, हे बोट ठेवून वाचा.

नंतर एकदा वकिलाला दाखवा. सॉफ्टवेअर कलमे जोडते; ते कलम या कामाला योग्य आहे की नाही हे त्याला कळत नाही. नीट जोडलेला मसुदा नेला तर वकिलाचा वेळ टायपिंग सुधारण्यात न जाता खऱ्या प्रश्नांवर जातो.

पायरी 10: कंत्राटदाराबरोबर वाचा

करार मराठीत असेल तर तो साइटवरच्या माणसालाही वाचता येतो. इंग्रजी प्रतही केली तर कोणती ग्राह्य, ते लिहा. वाचायला पीडीएफ द्या आणि विचार करायला दोन-चार दिवस द्या. त्याच्याकडून बदललेली फाइल आली तर 'एडिट'मधील 'ट्रॅक चेंजेस'खालचे 'कंपेअर डॉक्युमेंट' वापरा. आपल्या प्रतीहून वेगळे झालेले शब्द रंगात दिसतात. मान्य झालेला बदल कामाच्या प्रतीत करा, आणि तो सर्वच कामांना उपयोगी असेल तर साच्यातही करा. कंत्राटदाराच्या रास्त हरकती ऐका. एकतर्फी करार कागदावर मालकाच्या बाजूचा दिसतो. त्याची भरपाई कंत्राटदार दरात किंवा कामाच्या दर्जात करून घेतो.

पायरी 11: मुद्रांक, सही, जतन

महाराष्ट्र मुद्रांक अधिनियमात बांधकामाच्या कंत्राटासाठी स्वतंत्र अनुच्छेद 63 आहे आणि शुल्क कराराच्या रकमेवर ठरते. '100चा स्टॅम्प पुरतो' हा समज सोडून द्या. 2024च्या ऑक्टोबरपासून राज्यात 100 आणि 200च्या जागी 500 रुपये आले आहेत. नेमके शुल्क सहीआधी विचारून घ्या. मुद्रांक सहीच्या आधी, सहीच्या वेळी किंवा फार तर पुढच्या कामकाजाच्या दिवशी हवा. अपुऱ्या मुद्रांकाचा कागद, शुल्क आणि दंड भरेपर्यंत न्यायालयात पुरावा म्हणून घेतला जात नाही.

प्रत्येक पानावर आणि प्रत्येक नकाशावर दोघांच्या सह्या, शेवटी दोन साक्षीदार. सही झालेली प्रत स्कॅन करा, मूळ मसुदा पीडीएफ/ए प्रकारात काढा आणि दोन्ही दोघांकडे ठेवा.

पायरी 12: पुढचे बदल वेगळ्या कागदावर

सहीनंतर करारातला एक शब्दही बदलायचा नाही. खिडकी वाढली, फरशी बदलली, तर 'बदल आदेश क्रमांक 1' असा एकपानी कागद काढा. त्यात काय बदलले, दर किती, मुदत किती वाढली एवढे तीन रकाने आणि दोन सह्या पुरेत. याचाही साचा करून फोनमध्ये ठेवा. बदल साइटवर उभ्या उभ्या ठरतात, आणि जे ठरले ते त्याच दिवशी लिहिले गेले तरच शेवटच्या बिलाच्या वेळी दोघांच्या हातात एकच हिशेब असतो.